पंचफुलामावशी आणि मी भरलेला फॉर्म

आमच्या गावात साठ-सत्तर पोरांना एका दमात गप्प बसवणारं माणूस एकच आहे, आणि ते मास्तर नाही. पंचफुलामावशी. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. दुपारच्या सुट्टीत पळी घेऊन ती दारात उभी राहिली की रांग आपोआप सरळ होते. प्रार्थनेलासुद्धा एवढी सरळ होत नाही. पंधरा वर्षं झाली तिला या कामावर. सहावी-सातवीत मी त्याच रांगेत ताटली घेऊन उभा असायचो. मला तळाची खरवड आवडते हे तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही, पण माझ्या ताटलीत ती बरोबर पडायची. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी काय केलं ते वाचताना तुम्हाला माझी नीट किंमत करता येईल.

मावशी चौथी शिकलेली. वाचते, पण अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत. नवरा इंद्रभान हार्वेस्टरवर ड्रायव्हर, वर्षातले आठ महिने परराज्यात. घरी ती आणि एकुलती एक लेक समता. गावात मावशीचा दरारा आहे तो मात्र एका वहीमुळे. शाळेत चव नोंदवही असते. खिचडी झाली की आधी एका मास्तरानं चाखायची, 'चांगली आहे' असं लिहायचं, सही करायची, मगच पोरांना वाढायची. एकदा एका नव्या मास्तरांनी सोमवारीच सगळ्या आठवड्याच्या सह्या करून टाकल्या. मावशीनं वही त्यांच्यासमोर नेऊन ठेवली.

"सर, शुक्रवारची खिचडी तर म्या अजून शिजवलीच नाही. तुमाले कशी कळली चांगली हाय म्हणून?"

मास्तरांनी सह्या खोडल्या. तेव्हापासून आमच्या शाळेत सगळे मास्तर आधी खातात, मग लिहितात.

माझं म्हणाल तर मी संघर्ष. वय सव्वीस, बी.ए., दोनदा पोलीसभरतीत धावून परत आलेला. धाड या बाजारगावात, एसटी स्टँडसमोर, माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आधार, पीकविमा, जातीचा दाखला, केवायसी, जे म्हणाल ते. आमच्या वस्तीत कुणाला सरकारी कागद आला की तो माझ्याकडं येतो. त्यामुळं मला असं वाटायला लागलं होतं की सरकार मीच आहे.

आता समता. ही पोरगी एकदा ऐकलेलं विसरत नाही. भाषण असो, भांडण असो, कीर्तनकाराची नक्कल असो, जशीच्या तशी. पण समोर छापील पान ठेवलं की गाडी चिखलात. एकेका अक्षराशी कुस्ती, ओळ सुटायची, काना-मात्रा इकडच्या तिकडं. वही तर अशी की तपासणारा मास्तर चष्मा बदलून यायचा. आठवीपर्यंत कुणाला पास-नापासचं काही नव्हतं, म्हणून ढकलत ढकलत नववीपर्यंत आली. नववीला शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कूलात. त्या गावाचं नाव सांगत नाही, हेडमास्तर अजून नोकरीत आहेत.

आमच्या वस्तीला वाचनाचं भारी वेड. म्हणजे स्वतः वाचण्याचं नाही, पोरांनी वाचण्याचं. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात वंदना झाली की ग्रंथाची दोन पानं वाचायची, आणि घरोघरच्या पोरांनी पाळीपाळीनं वाचायची, असा नेमच आहे. ज्याचं पोरगं न अडखळता वाचेल त्याचा बाप दुसऱ्या दिवशी पारावर जरा पाय लांब करून बसतो. समताची पाळी आली की ती बरं नाही म्हणून घरीच राहायची. नववीच्या वर्षी मात्र आली. पांढरी साडी नेसलेली मावशी पुढच्या ओळीत, मी मागं पोरांच्या घोळक्यात.

समता उभी राहिली आणि काय वाचलं म्हणता! खणखणीत. जिथं थांबायचं तिथं थांबून, जिथं आवाज चढवायचा तिथं चढवून. म्हातारे माना डोलवायला लागले. मावशीच्या पाठीकडं पाहूनही कळत होतं की ती हसतेय. आणि माझ्या लक्षात आलं की पोरगी तीन-चार मिनिटं बोलतेय, पण पान उलटलेलं नाही. मैत्रिणीकडून दिवसभर वाचून घेऊन तिनं दोन्ही पानं पाठ केली होती. ही कमाल होती. कुणाही शहाण्या माणसानं तिला कमालच म्हटलं असतं.

मी मागून ओरडलो, "समते, पान उलटव माय! तू गेली पुढं अन् ग्रंथ राह्यला मांगं!"

विहार हसला. पोरं तर लोळली. समतानं घाईनं पान उलटलं, आणि तिथंच तिची तार तुटली. एक शब्द पुढं येईना. मावशी उठली, लेकीच्या हातातून ग्रंथ घेतला, डोक्याला लावला आणि पुढच्या पोराकडं दिला. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. पुढं आठवडाभर पोरं ते वाक्य एकमेकांना ऐकवत होती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होता.

दिवाळीच्या आधी हायस्कूलात मंजुश्रीमॅडम आल्या. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका. स्कूटीवर शाळाशाळांतून फिरतात, आणि ज्या पोरांना मास्तरांनी मागच्या बाकावर सोडून दिलेलं असतं त्यांच्यापासून सुरुवात करतात. समताला त्यांनी दोन तास बसवलं. वाचून घेतलं, लिहून घेतलं, तोंडी विचारलं. मग मावशीला बोलावणं धाडलं.

"ताई, ही मुलगी आळशी नाही अन् बुद्धूही नाही," मॅडम म्हणाल्या. "हिला डिस्लेक्सिया आहे. म्हणजे डोकं चांगलं, फक्त अक्षर अन् आवाज यांची गाठ हिच्या डोक्यात लवकर बसत नाही. मारून, ओरडून, घोकून हे जात नाही."

"मंग कशानं जाते?"

"जात नाही. पण त्याच्यासकट शिकता येतं. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लिहायला लेखनिक मिळतो. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, अन् शाळेनं प्रस्ताव पाठवावा लागतो."

मावशीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "मॅडम, म्या तिले यासाठी मारलं हाय. चौथीत असतानी. पळीनं. थे आता कसं करू?"

हे मॅडमनीच मला नंतर सांगितलं.

घाई होती, कारण हेडमास्तर अर्जुनराव सरांनी आधीच मावशीला एक सल्ला दिलेला होता. त्यांच्या शाळेचा दहावीचा निकाल सलग तीन वर्षं शंभर टक्के. गेटवर तसं बोर्ड लावलेलं. ते बोर्ड जपायची रीत अशी की ज्याचा भरवसा नाही त्याला नववीतच शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायचा. "सतरा नंबरचा फॉर्म भरा बाई, बाहेरून बसवा. घरी बसून देईल परीक्षा." सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता परीक्षा. कागदावर उत्तम सोय आहे. पण आमच्याकडं सतरा नंबरवर गेलेली पोरगी पुस्तकापेक्षा कापूस जास्त वेचते, आणि परीक्षेआधी तिची सोयरीक येते, हे हेडमास्तरांनाही माहीत होतं आणि मावशीलाही. एप्रिलच्या निकालाआधी प्रमाणपत्र हवं होतं. नाहीतर समताची शाळा संपली.

बाजाराच्या दिवशी मावशी दुकानात आली. केवायसीची गर्दी. वीस-पंचवीस बाया, दोन पोरं रडतायत, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला. मावशी तासभर उभी राहिली. मग चोळीतून बटवा काढला आणि त्यातून चिठ्ठी.

"हे मॅडमनं लिहून देलं. असंच भर म्हणे."

मॅडमचं गोल अक्षर. 'प्रकार: विशिष्ट अध्ययन अक्षमता. दुसरा कोणताही प्रकार निवडू नये.' दुसऱ्या वाक्याखाली दोन रेघा मारलेल्या. त्या दोन रेघा मला आजही दिसतात.

फॉर्ममध्ये अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांची यादी उघडते. मी तोवर पंधराएक फॉर्म 'बौद्धिक अक्षमते'चे भरले होते आणि सगळे पार पडले होते. अध्ययन अक्षमतेचा एकही नव्हता. त्याला पुढं काय काय कागद मागतील, कुठं अडकेल, काही माहीत नाही. मागून एक बाई म्हणाली, "ओ बाबू, हात चालव ना, माही बस जाईन." मी विचार केला, पोरीचं नाव यादीत लागल्याशी मतलब. कोणत्या रकान्यात लागलं याच्याशी कुणाला काय करायचंय? उलट या रकान्यात काम लवकर होतं. ओळखीचा रस्ता होता, बोट आपोआप तिकडं गेलं.

मावशीनं विचारलं, "मॅडमनं लिहेल हाय थेच भरलं ना, बापू?"

"हाव मावशी, थेच."

पावती काढून दिली. फी घेतली नाही, म्हणजे चूक फुकटात करून दिली. मावशीनं पावती आणि चिठ्ठी एकावर एक ठेवून घडी घातली आणि म्हणाली, "तुह्या मायनं चांगलं पोरगं काढलं."

ती पावती तिनं हेडमास्तरांना दाखवली, दाखला थांबवावा म्हणून. सरांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली. "बौद्धिक अक्षमता. म्हणजे मतिमंद! मग बाई, आमच्या शाळेत काऊन ठेवता तिले? तिच्यासाठी वेगळ्या शाळा असतात." ऑफिसात वह्या ठेवायला आलेली दोन पोरं होती. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या नववीला कळलं. समता शाळेतून आली ती चार दिवस घराबाहेर निघाली नाही. पंचफुलामावशीला वाटलं, डॉक्टरांच्या भाषेत याला असंच म्हणत असतील. संघर्षनं भरलंय म्हणजे बरोबरच असेल. तिनं लेकीलाही तेच समजावलं. माझ्या नावावर.

डिसेंबरात दवाखान्यात तपासणीची तारीख आली. तिथं एक मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनी समताला ठोकळे लावायला दिले, चित्रं जुळवायला दिली, आकडे उलटे म्हणायला लावले. अर्ध्या तासानं त्या मावशीला म्हणाल्या, "आई, तुमची मुलगी बऱ्याच जणींपेक्षा हुशार आहे. हिला या प्रकारात कुणी पाठवलं?"

मावशीनं बटव्यातून चिठ्ठी काढली. बाईंनी पावती आणि चिठ्ठी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्ही वाचून दाखवल्या. समता तिथंच बसलेली होती.

अर्ज नामंजूर झाला. होणारच होता, ज्या आजाराचा होता तो आजार नव्हताच. आणि नामंजुरीचा कागद पाहून अर्जुनराव सर काय म्हणाले? "पाह्य, दवाखान्यानंच लिहून दिलं काही नाही म्हणून. म्हणजे आळसच!" माझ्या एका टिचकीनं पोरगी आधी मतिमंद झाली, मग आळशी झाली. जे होती तेवढं सोडून सगळं झाली.

दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात. गर्दी नव्हती. तिनं दोन्ही कागद काउंटरवर ठेवले.

"हे दोन कागद एकच म्हणते का, पाह्य बरं."

आमच्या धंद्यात एक देव आहे, तो सगळी पापं पोटात घेतो. मी त्याचंच नाव घेतलं. "मावशी, थे... सर्व्हरनं बदललं असन. कधी कधी होते असं."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. खिचडीत मीठ जास्त पडलंय का हे ती ज्या नजरेनं पाहते ना, त्या नजरेनं.

"अस्सं? कुठी राह्यते बे थो सर्व्हर? त्याले म्हणा शाळेत ये, अन् सांग सरले."

आणि गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी तर दोन दिवस वाट पाहिली, येईल, ओरडेल, गावात बदनामी करेल, मग मी माफी मागीन आणि सुटेन. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. वस्तीत लोक मला "सायेब" म्हणतच राहिले. मला त्या शब्दानं खाज सुटायला लागली.

रात्री झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही, झोप लागायची. पण दुकानात ती यादी उघडली की हात अडायचा. आणि मग एक गोष्ट कळली ती कुणालाही सांगण्यासारखी नाही. मी तो रकाना केवळ घाईत निवडला नव्हता. विहारात हसलो त्या दिवसापासून समताबद्दल मला तसंच वाटत होतं. घाई हे नुसतं निमित्त. गर्दी नसती तरी माझं बोट कदाचित तिथंच गेलं असतं.

फेब्रुवारीत मावशीचा निरोप आला. "समताच्या शाळेत ये. लिहाले माणूस पाह्यजे." मला वाटलं, झालं, माफ केलं तिनं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काय सांगू!

ऑफिसात अर्जुनराव सर खुर्चीत, समोर मंजुश्रीमॅडम आणि मावशी, समता कपाटाला टेकून उभी. मला पाहून तिनं खिडकीकडं तोंड केलं.

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळ्यांना चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, मी काय तुमचा वैरी हाय का? लोकं गेटवरचा बोर्ड पाहून पोरं टाकतात इथं. एक पोरगी गेली तर निकाल गेला, निकाल गेला तर तुकडी गेली, तुकडी गेली तर मास्तर गेला. मी कोणाकोणाले पाहू?"

मॅडम म्हणाल्या, "सर, सवलत मागणं हा पालकांचा हक्क आहे. प्रस्ताव शाळेनंच पाठवायचा असतो."

"पाठवतो ना मॅडम! प्रमाणपत्र आणा, लगेच पाठवतो. आता दवाखान्याचा कागद म्हणून राह्यला काहीच नाही, तर मी काय माझ्या मनानं लिहू?"

मावशी इतका वेळ चहाला हात न लावता बसली होती. ती म्हणाली, "सर, आमच्या शाळेत चाखल्याबिगर सही नाही होत. तुमी इच्या नावापुढं आळशी लिहून टाकलं. चाखून पाह्यलं का एखांद्या खेपेला?"

"म्हणजे कसं?"

"तुमी वाचा. थिले न शिकवेल धडा वाचा. मंग इचारा."

सरांना गंमत वाटली. त्यांनी टेबलावरचं विज्ञानाचं पुस्तक उघडलं, शेवटचा धडा काढला, पानभर वाचलं. मग पुस्तक मिटून विचारलं, "सांग बेटा, काय कळलं?"

समता गप्प. सरांनी पुन्हा विचारलं. गप्प. मावशी म्हणाली, "बोल ना माय." पोरगी खिडकीबाहेर पाहत होती आणि तिची मान लाल झाली होती. सरांनी हात पसरले. "आता पाह्य बाई. मी काय करू?"

मला कळत होतं ती का बोलत नाही ते. खोलीत मी होतो. तिनं चार माणसांत तोंड उघडलं की मागून कोण ओरडतं हे तिला माहीत होतं.

मावशी माझ्याकडं वळली. "संघर्ष, तुले कायले बलावलं समजलं का? लिह. फारमाचं काय झालं, थे लिहून दे सरले."

मी कागद घेतला. लिहिलं: 'तांत्रिक चुकीमुळे सदर अर्जात अपंगत्वाचा प्रकार चुकीचा नोंदवला गेला.' अशी वाक्यं मला येतात. यात माणूसच नसतो, सगळं आपापलं होतं. मॅडमनी ते वाचून दाखवलं.

कपाटापासून आवाज आला. "तांत्रिक म्हंजे कोण?"

चहावाला पोरगा कप उचलायला आला होता, तो थांबला.

समतानं पुन्हा विचारलं, माझ्याकडं पाहून. "सांग ना. कोण थो?"

मी विचार केला, हे लिहून दिलं तर ते वर जाईल, केंद्र बंद होईल, गावात कळेल. मी हा हिशेब तिच्यासमोर उभा राहून करत होतो, आणि ती मला करताना पाहत होती. निदान दोन मिनिटं गेली असतील. मग मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. 'मी, संघर्ष, लिहून देतो की चिठ्ठीत प्रकार स्पष्ट लिहिलेला असताना, मी ती वाचूनही जाणूनबुजून दुसरा प्रकार भरला. विचारल्यावर खोटे सांगितले. नंतर सर्व्हरचे नाव सांगून पुन्हा खोटे बोललो.' खाली सही, शिक्का. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला. माझ्याच अक्षरातलं इतकं साधं मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सरांनी कागद घेतला, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अन् लोकं तुले सायेब म्हणतात बे?"

समता कपाटापासून पुढं आली. "सर, आता सांगू?"

तिनं पानभर सांगितलं. सरांनी वाचताना एक आकडा चुकवला होता, तो तिनं तसाच चुकीचा सांगितला, आणि सरांनी पुस्तक उघडून पाहिल्यावर त्यांनाच हसू आलं. पण लगेच ते गंभीर झाले. निकालाचं बोर्ड तर होतंच ना डोक्यावर.

"बरं. नवीन प्रमाणपत्र येईपर्यंत मी दाखल्याचं नाव काढत नाही. अन् वरच्या वर्गातही बसू देतो, पाहू."

"थेबी लिहा, सर," मावशी म्हणाली. "अन् पोच द्या."

सरांनी लिहिलं. मावशीनं बोट ठेवून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचलं. आम्ही सगळे थांबलो. मग तिनं थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मावशी, उद्या सकाळी दुकानात या. नवीन अर्ज मी स्वतः भरतो, एक नंबर."

मावशी म्हणाली, "पाहू."

दुसऱ्या दिवशी मी आठलाच शटर उघडलं. दोन खुर्च्या पुसून ठेवल्या. नऊची बुलढाणा गाडी समोरून गेली. खिडकीत मावशी आणि तिच्या पलीकडं समता. तासाभराचा प्रवास करून त्यांनी दुसरीकडं फॉर्म भरला. माझं दुकान त्यांच्या वाटेतच होतं. मला रागवायचा काही हक्क नव्हता, तरी पहिल्यांदा रागच आला, हेही लिहून ठेवतो.

पुढं तपासणीसाठी त्यांना अकोल्याला दोन खेपा झाल्या. मावशीनं दोन्ही वेळा खिचडीला बदली बाई लावून दिली आणि चव नोंदवही मास्तरांच्या हाती देताना दम भरला. माझं पत्र वर गेलं, माझं केंद्र महिनाभर बंद राहिलं. गिऱ्हाइकांना मी सांगितलं, सर्व्हर डाऊन आहे. म्हणजे सुधारलो असं काही समजू नका.

जूनमध्ये प्रमाणपत्र आलं. समता दहावीत बसली, नियमित, त्याच शाळेत. प्रस्ताव गेला. जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल, असं मॅडम म्हणतात. मंजुरीचा कागद अजून यायचा आहे. परीक्षेत काय होईल ते मला माहीत नाही. गेटवरचं बोर्ड अजून तिथंच आहे.

मध्यंतरी मंजुश्रीमॅडम दुकानात आल्या. "तिला धडे ऐकून येतात. कुणीतरी वाचून, फोनमध्ये रेकॉर्ड करून पाठवायला हवेत. आईचं वाचन हळू आहे. तू करशील?"

"माझ्या आवाजात ऐकेल का ती?"

"विचारलं मी. म्हणाली, आवाज कोणाचाबी चालन."

आता रोज दुपारी गर्दी ओसरली की मी एक धडा वाचतो आणि मावशीच्या फोनवर पाठवतो. 'ऐकला' एवढंही उत्तर येत नाही. महिनाभर असंच चाललं. परवा भूगोलाचा धडा होता, ब्राझीलचं हवामान. अर्ध्यात एक म्हातारबा पेन्शनचा कागद घेऊन येऊन उभे राहिले आणि "झालं का रे" म्हणून खोकायला लागले. मी एक परिच्छेद सोडला आणि शेवट वाचून टाकला. कुणाला कळणार आहे?

संध्याकाळी पहिल्यांदा उत्तर आलं. समताचा आवाज. ना दादा, ना नाव.

"ब्राझीलच्या ईशान्येकडं पाऊस कमी पडते म्हणलं तू. काऊन कमी पडते थे सांगतलंच नाही. मधातलं खाल्लं तुनं. पुन्हा पाठव, आख्खा."

दुकानात तीन माणसं उभी होती. मी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं, पुस्तक उघडलं, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.